मातीचा नाग आधीचा

श्रावण शुद्ध पंचमी म्हटली की सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचं नाव निघतंच. कित्येक पिढ्या या गावानं रानातून जिवंत नाग धरून आणले, मडक्यात जपले, अंबामातेच्या दर्शनाला नेले, वाजतगाजत मिरवले आणि पुन्हा रानात सोडून दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडण्यावर निर्बंध आणले. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं मिरवणुकीलाही बंदी झाली. परंपरा तुटली म्हणून गाव हळहळलं. ती हळहळ खोटी म्हणता येणार नाही.

पण श्रोतेहो, शिराळकर स्वतः जी कथा सांगतात ती जरा नीट ऐका. गोरक्षनाथ भिक्षेला आले. घरातली बाई भिक्षा घेऊन उशिरा बाहेर आली. कारण विचारलं, तर म्हणाली, नागाची पूजा करीत होते. नाग मातीचा होता. ‘जिवंत नागाची पूजा करशील का?’ असं नाथांनी विचारलं आणि तिथून ही प्रथा पडली. आता दंतकथा म्हणजे काही ताम्रपट नव्हे. तिच्यावरून सनावळी ठरवू नये. तरी एक साक्ष ती आपसूक देऊन जाते. जिवंत नागाच्या आधी त्या घरात मातीचा नाग होता!

आणि प्रतिमेतला नाग काही कमअस्सल नव्हे. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज पाहा. माणसाचं रूप, मस्तकामागे फणा. पाचव्या शतकातलं हे काम आहे.

बाकीच्या महाराष्ट्रात हा सण मुख्यतः बायकांचा. आदल्या दिवशी भावासाठी उपास. पंचमीला पाटावर नाहीतर भिंतीवर नाग काढायचा, लाह्या-दूध वाहायचं. (नाग दूध पीत नाही बरं का, शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावं.) त्या दिवशी चिरणं-तळणं नाही, शेतात नांगर नाही. नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली, ती सूड घ्यायला निघाली आणि शेतकऱ्याच्या लेकीची पूजा पाहून शांत झाली, ही कहाणी घरोघर ठाऊक आहे. मग सासुरवाशिणी नटूनथटून वारुळाला जातात. गाण्यांत नाग त्यांचा भाऊ होतो. वारुळाशी फेर धरायचा, फुगडी घालायची, झिम्मा खेळायचा. याला पुजारी लागत नाही, गारुडी तर नाहीच.