एकमताचा ठराव आणि सोळा वर्षे

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने संमत केला. शरद पवारांच्या मंत्रिमंडळाला तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. एकमत झाले म्हणजे समेट झाला, असे आपण सहज धरून चालतो. मराठवाड्यात पुढे जे घडले, ते पाहता हा समज टिकत नाही.

ठरावाची बातमी येताच विभागात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळण्यात आल्या, माणसे मारली गेली, कित्येक कुटुंबे परागंदा झाली. नांदेड आणि परभणी (हिंगोली तेव्हा याच जिल्ह्यात होती) येथील खेड्यांना मोठी झळ पोहोचली. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना नुकतीच, डिसेंबर १९७७ मध्ये झाली होती. मराठवाड्यातील आपली बरीच ख्रिस्ती कुटुंबे गावकुसाच्या त्याच बाजूची. हा इतिहास आपल्याला परका नाही.

विरोध करणारे सारेच द्वेषाने पेटलेले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानींना ‘मराठवाडा’ या शब्दात निजामाविरुद्धच्या लढ्याची स्मृती दिसत होती. दुसरीकडे एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने ठाम उभे राहिले. दोघेही स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, दोघांच्याही शब्दाला वजन होते. या दोन भूमिकांची गाठ विधिमंडळातच पडायला हवी होती. माझ्या मते चूक झाली ती इथे. सभागृहात होकार देणे सोपे होते. आपापल्या मतदारसंघात जाऊन त्या होकाराचे समर्थन करणे अवघड होते, आणि ते काम फार थोड्यांनी केले.

इथे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील यरुशलेमची सभा आठवते. सुंतेच्या वादावर निर्णय झाला, पण प्रेषित तेवढ्यावर थांबले नाहीत. पत्र लिहून त्यांनी यहूदा आणि सीला यांना अंत्युखियाला धाडले, ते तोच निर्णय तोंडी समजावून सांगण्यासाठी. परभणीच्या खेड्यांत असे कोण गेले?

ठराव पडून राहिला. फेब्रुवारी १९८० मध्ये पवार सरकार बरखास्त झाले. नंतरच्या सरकारांनी विषय टाळला. सभागृहाने सोडलेला प्रश्न रस्त्यावर आला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. पुढे शिवसेनेने नामांतराला उघड विरोध केला आणि मराठवाड्यात पाय रोवले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, पवारांच्याच सरकारने तोडगा काढला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही शब्द राहिले. लोकांनी याला ‘नामविस्तार’ म्हटले. सोळा वर्षांपूर्वी तो सुचू शकला नसता, असे म्हणवत नाही. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, पण तिनेही हे नाव बदलले नाही.

तोडग्याला जोड मिळाली ती १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि परभणीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. ज्या जिल्ह्यात एका नावापायी घरे जळाली, तिथल्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर तेव्हापासून दुसरेच नाव छापले जाते.