हेलीबरीचे शिक्षण आणि इंदापूरची परीक्षा

१) माहिती कशी जमवावी, कशी तपासावी आणि तिच्या आधारे निर्णय कसा घ्यावा, याचे शिक्षण वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांना देणाऱ्या संस्था आज अनेक देशांत आहेत. या कल्पनेचा एक जुना प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीने केला. त्याची कठोर परीक्षा आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापुरात झाली. हा धागा त्या परीक्षेविषयी.

२) कंपनीच्या नागरी सेवेत येणारी इंग्रज मुले बहुधा सोळा-सतरा वर्षांची असत. त्यांचे पदनाम 'रायटर', म्हणजे कारकून. कंपनी केवळ व्यापारी होती तोवर हिशेब लिहिता आले की भागे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर मात्र याच मुलांमधून पुढे कलेक्टर आणि न्यायाधीश घडू लागले.

३) अडचण अशी की राज्याचे कागद फारसीत आणि देशी भाषांत होते. साहेबाला ते वाचता येत नसत. मुन्शी वाचून दाखवील तेवढेच सरकारचे ज्ञान! ज्याच्या हाती निर्णय त्याला कागद कळत नाही, आणि ज्याला कागद कळतो त्याच्यावर सरकारचा विश्वास नाही, अशी ही कोंडी होती.

४) ती फोडण्यासाठी गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढले. स्थापनेचा नियम जुलैमध्ये झाला, पण त्यावर तारीख मुद्दाम ४ मे घातली. १७९९ मध्ये याच दिवशी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला होता. तलवारीने मिळवलेले राज्य ज्ञानाने टिकवायचे, हा त्या तारखेचा अर्थ.

५) मराठीशी या कॉलेजचे नाते थेट आहे. तेथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशातील मराठी शब्द मोडीत आहेत. मोडी ही दफ्तराची लिपी होती, आणि साहेबाला वाचायचे होते ते दफ्तरच.

६) लंडनच्या संचालकांना हा खर्च मानवला नाही. १८०२ मध्ये त्यांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम धाडला. अखेर तडजोड झाली: कलकत्त्यास मुख्यतः भाषा शिकवाव्यात आणि इतर शिक्षण इंग्लंडमध्ये द्यावे. त्यासाठी १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कॉलेज सुरू झाले. १८०९ पासून ते हेलीबरी येथे भरू लागले. इतिहास आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेला माल्थस.

७) या माल्थसचा एक हुशार विद्यार्थी म्हणजे आर. के. प्रिंगल. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनची जमाबंदी नव्याने ठरवण्याचा प्रश्न उभा राहिला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागाच्या पाहणीचे काम प्रिंगलकडे आले. वर्गात शिकलेला खंडाचा सिद्धांत प्रत्यक्ष शेतावर लावून पाहण्याची संधी त्याला मिळाली.

८) सिद्धांत दिसायला सोपा होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून बी-बियाणे, बैल, मजुरी इत्यादी लागवडीचा खर्च वजा करावा. उरेल ते निव्वळ उत्पन्न. त्यातील ५५ टक्के सरकारचे. कागदावर यात खोट दिसत नव्हती. शेतकऱ्याच्या हाती काहीतरी उरेल, याची तजवीजही त्यात होती.

९) पण या गणितासाठी प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे सरासरी पीक, प्रत्येक पिकाचा खर्च आणि बाजारभाव ठाऊक हवा. ही माहिती आणायची कोणी? साहेब एक आणि गावे शेकडो. मोजणी आणि नोंदी अखेर हाताखालच्या लोकांवर सोपवल्या गेल्या. म्हणजे जी कोंडी फोडण्यासाठी दोन कॉलेजे काढली, तीच पुन्हा समोर उभी राहिली.

१०) १८३० मध्ये नवी आकारणी लागू झाली आणि इंदापुरात ती कोसळली. सारा झेपेना. शेतकरी जमिनी टाकून गेले आणि शेते पडीक पडली. पुढच्या चौकशीत मोजणी चुकीची आणि प्रतबंदी अविश्वसनीय निघाली. ज्याने हात ओले केले नाहीत, त्याच्या शेताची प्रत वर चढली, असे आरोपही झाले.

११) येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. हे अहवाल लिहिणारे स्वतः अधिकारीच होते, आणि अपयशाचा दोष खालच्या कारकुनावर ढकलणे त्यांना सोयीचे होते. लाचखोरी झाली नसेल असे नव्हे. परंतु पाऊस दरसाल वेगळा असताना शेताशेताचे 'निव्वळ उत्पन्न' नेमके सांगणे प्रामाणिक कारकुनालाही साधले नसते. मूळ प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

१२) १८३५ पासून गोल्डस्मिड आणि त्याच्यासोबत विंगेट यांनी इंदापूरची फेरपाहणी केली. निव्वळ उत्पन्नाचे गणित त्यांनी सोडून दिले. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत लावली. गावाने मागील वर्षांत खरोखर किती सारा भरला आणि बाजारपेठ किती लांब आहे, हेही पाहिले. दर उतरवले आणि ३० वर्षांसाठी कायम केले. डोळ्यांना दिसेल व दुसऱ्याला पडताळता येईल, अशा माहितीवर त्यांचा भर होता.

१३) ही पद्धतही शेतकऱ्याच्या कल्याणासाठी जन्मलेली नव्हती. सारा सुरळीत वसूल व्हावा, हाच हेतू होता. तरी ती टिकली. आज सातबाऱ्यावर आपण जो सर्व्हे नंबर पाहतो, त्याची मुळे याच मोजणीत आहेत.

१४) प्रिंगल मूर्ख नव्हता आणि आळशीही नव्हता. त्याला त्या काळातील उत्तम शिक्षण मिळाले होते. आलेल्या आकड्यांचे काय करावे, हे त्याला चोख येत होते. आकडा कोणी दिला, कोणत्या अडचणीत दिला आणि तो त्या माणसाला ठाऊक असणे शक्य तरी होते का, हे मात्र त्याने वेळीच विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नांची किंमत इंदापूरच्या शेतकऱ्यांनी गाव सोडून मोजली.

१५) पुढच्या वेळी घरचा सातबारा हाती आला की सर्व्हे नंबराकडे क्षणभर पाहा. त्या आकड्यामागे एक फसलेली पाहणी आहे. धागा समाप्त.