बिटको चौक ते मॉल : नाशिकरोडच्या बाजाराची गोष्ट

स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आपण काही जण जमलो होतो, तेव्हा रात्री जेवायला कुठे जायचे यावर वाद झाला. निम्म्या लोकांचे म्हणणे, नाशकात मॉलला जाऊ, तिथे सगळ्या प्रकारचे मिळते, एसी आहे, गाड्या लावायला जागा आहे. उरलेल्यांना मुक्तिधामजवळची भेळ हवी होती. वाद चालू असताना कुणीतरी सहज म्हणाले, "अरे, आपल्या नाशिकरोडला होतंच काय तेव्हा? काहीच नव्हतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. संपादक मंडळाने मला खरे तर शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबबद्दल लिहायला सांगितले होते. पण १९९६ च्या तुकडीला ती लॅब ठाऊक आहे: दोन मशीन, त्यांवर शिवलेली कव्हरे, आणि आत जाताना चपला बाहेर. विषय तिथेच संपतो. म्हणून मी 'काहीच नव्हतं' या वाक्याबद्दल लिहिते आहे. शिवाय या विषयाशी माझा नोकरीमुळे थोडा संबंध आला, आणि तो सांगायचा राहून गेला आहे.

आपले गाव रेल्वेने वसवले. १८६५ साली थळ घाटातला, म्हणजे आपल्या कसारा घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी थेट घाट चढून वर येऊ लागली. पण नाशिक शहर रुळांपासून आठ-नऊ किलोमीटर लांब राहिले. यात्रेकरू उतरायचे आपल्याकडे आणि पैसे खर्च करायचे पंचवटीत. १८८९ मध्ये स्टेशनपासून नाशिकच्या मेन रोडपर्यंत ट्राम सुरू झाली, तीही घोड्यांची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. नाशिकरोडहून खरेदीला 'नाशकात जायचे' ही आपली सवय किती जुनी आहे, हे या ट्रामवरून कळते. आपण सिटी बसला लोंबकळत शालिमारला जायचो, आपले पणजोबा ट्रामने जात असतील.

खरा बदल प्रेसने केला. १९२४-२५ मध्ये सिक्युरिटी प्रेसची उभारणी झाली, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेसची. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडात छापून जहाजाने येत. त्याच सुमारास मध्यवर्ती कारागृह झाले, जिथे १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले. (आपल्याला हे दरवर्षी सांगितले जायचे आणि दरवर्षी जेल रोडवरून जाताना आपण त्या भिंतीकडे नव्याने बघायचो.) पलीकडे देवळालीची छावणी आणि तोफखाना होताच. पुढे एकलहऱ्याचे वीज केंद्र आले. म्हणजे नाशिकरोडला शेठ-सावकारांचा जुना बाजार नव्हता, पण दर महिन्याला न चुकता पगार घेणारे हजारो लोक होते. बाजार त्या पगाराभोवती वाढला.

आपण प्रेसवाल्यांची मुले. नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये पगाराचा दिवस कसा असायचा ते आठवून बघा. बाबा घरी येताना काहीतरी गोड आणायचे, आई यादी काढायची, आणि संध्याकाळी देवी चौकात पाय ठेवायला जागा नसायची. महिनाभराचे वाणसामान एकाच दुकानातून यायचे आणि मागच्या महिन्याची बाकी त्याच वेळी चुकती व्हायची. भाजी मात्र देवळाली गावच्या सोमवारच्या बाजारातून. दुकानदाराला कुणाचा कुठला ग्रेड, कुणाला ओव्हरटाइम, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, सगळे माहीत असायचे. उधारी देताना तो ओळखपत्र मागत नसे. प्रेसमधला माणूस म्हणजे पगार येणारच, हीच त्याची हमी.

आणि ब्रँड म्हणाल तर आपल्या मुख्य चौकाचे नावच मुळी ब्रँडचे आहे. बिटको हे दंतमंजन. त्या व्यवसायातल्या पैशातून जयरामभाई बिटको यांनी १९७१ मध्ये मुक्तिधाम उभे केले. मकराण्याचा संगमरवर, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय. शिवाय बिटको रुग्णालय आहे, बिटको कॉलेज आहे. मुंबईत बांद्र्याला मॅकडोनाल्ड उघडले १९९६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे आपण दहावी होऊन अकरावीत गेलो तेव्हा. त्याच्या कितीतरी आधी आपण दंतमंजनाच्या नावाच्या चौकात बस पकडत होतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हते.

साखळी हॉटेलांचेही तसेच. कंपनी नव्हती, पण उडुपी हॉटेल ही साखळीच होती. कुठल्याही गावात जा: तोच सांबार, तीच स्टीलची वाटी, तोच 'फॅमिली रूम'चा पडदा. फरक इतकाच की मालक प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि तो गल्ल्यावर स्वतः बसलेला. दहावीच्या निकालानंतर बाबांनी आम्हाला मसाला डोसा खायला नेले होते. अख्ख्या वर्षातला हॉटेलचा खर्च तेवढाच.

१९८२ च्या नोव्हेंबरात नाशिक महानगरपालिका झाली आणि नाशिकरोड-देवळालीची आपली स्वतंत्र नगरपालिका तिच्यात विलीन झाली. आपण तेव्हा शाळेतही नव्हतो. पण मोठ्या माणसांच्या बोलण्यात पुढे कित्येक वर्षे 'आपली नगरपालिका असती तर' हे पालुपद असायचे. रस्ता कुठला रुंद होणार, मोठे संकुल कुठे होणार, हे ठरवण्याची जागा लांब गेली, अशी त्यांची समजूत होती. ती सगळीच खरी होती असे मला वाटत नाही. कारण पुढे माझ्या टेबलावर जे आले त्यावरून कारण दुसरेच दिसते.

के. के. वाघमधून इंजिनिअर होऊन मी पुण्याला नोकरीला लागले. काही वर्षांनी माझी बदली अशा प्रकल्पावर झाली, ज्यात एका मोठ्या साखळी दुकानांच्या कंपनीसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहीत होतो. कोणत्या गावात, कोणत्या चौकात दुकान काढावे हे सुचवणारे. तो काळच तसा होता. १९९९ मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडले, तेव्हा आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे, नाहीतर साठ रुपये भरा. पुढे २००१ मध्ये बिग बझार आणि २००२ मध्ये पवईला डीमार्ट सुरू झाले आणि हिशेब उलटा झाला: श्रीमंत नको, महिन्याची यादी घेऊन येणारा माणूस हवा. म्हणजे आपले आईबाबाच. त्यामुळे सगळ्या कंपन्या नाशिक, कोल्हापूर, औरंगाबादसारख्या शहरांचे नकाशे उघडून बसल्या होत्या.

आमच्या तक्त्यात प्रत्येक पिनकोडसमोर गुण असायचे. तीन किलोमीटरच्या वर्तुळात किती घरे, किती वाहने, रस्त्याला लागून किती फूट जागा, ट्रक मागून येऊ शकतो का, जमिनीची मालकी निर्वेध आहे का. एके दिवशी यादी खाली सरकवताना मला ४२२१०१ दिसला. आपला नाशिकरोड. गुण इतके कमी की तो पिवळ्या रंगातही नव्हता, सरळ लाल.

मला राग आला. घरचा कुणी नापास व्हावा तसा. जेवणाची सुट्टी सोडून मी आकडे उलगडत बसले. कारण दोन होते. बिटको चौकाभोवती वर्तुळ काढले की त्यात प्रेस, कारागृह, लष्कराची जमीन आणि रेल्वे येतात. ती जागा विकत मिळत नाही, भाड्यानेही मिळत नाही. मोठ्या पार्किंगच्या दुकानाला लागणारा सलग तुकडा त्यातून निघणे कठीण. हे पहिले कारण खरेच होते. दुसरे मात्र आमची चूक होती. घरांची संख्या आम्ही घरपट्टीच्या नोंदींवरून काढत होतो आणि सरकारी क्वार्टर्स त्यात नीट धरलेलीच नव्हती. नेहरूनगर आमच्या नकाशावर जवळजवळ ओसाड होते. जिथे माझे अख्खे बालपण गेले, तिथे माझ्याच प्रोग्रॅमने शून्य घरे मोजली होती!

मी चूक दुरुस्त केली. गुण वाढले, लालचा पिवळा झाला. साहेबांनी पाठ थोपटली.

२००९ च्या सुमारास उंटवाडीला सिटी सेंटर मॉल सुरू झाला. पुणे रोडवर 'फेम' आधीच आले होते. ती कंपनी पुढे आयनॉक्सने घेतली, मग २०२३ मध्ये आयनॉक्स आणि पीव्हीआर एक झाले, पण रिक्षावाल्याला आजही 'फेम'च सांगावे लागते. पिझ्झा, बर्गर, कॉफीची दुकाने आधी कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे गेली आणि नंतर हळूहळू आपल्याकडेही सरकली. बिटको चौकात आता रेजिमेंटल प्लाझा आहे आणि त्याच्या आजूबाजूला काचेच्या दर्शनी भिंतींची दुकाने आहेत. माझ्या त्या दुरुस्तीमुळे नेमके कुठले दुकान आले का, हे मला कधीच कळले नाही. आमच्या कामात तसे कळत नाही. पण मनात खटका राहिला, कारण आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांचे किराणा दुकान होते. आमच्या घरचे खाते तिथेच. काही वर्षांनी नाशिकरोडला आले तर दुकानाचा अर्धा भाग भाड्याने दिलेला आणि तिथे एका पिझ्झाच्या साखळीची पाटी.

हे मी कुणाला बोलले नव्हते. या लेखाच्या निमित्ताने मित्राकडे गेले आणि सांगून टाकले. तो हसला. म्हणाला, "तुझा प्रोग्रॅम बिग्रॅम राहू दे. बाबांच्या वह्या बघ."

काकांनी १९७० च्या दशकापासूनच्या सगळ्या खातेवह्या माळ्यावर ठेवल्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, लांबट. आम्ही दुपारभर त्या चाळल्या आणि मला जे दिसले ते मी कुठल्याही तक्त्यात पाहिले नव्हते. खात्यांची संख्या मॉल येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होती. नव्वदच्या मध्यापासून नवी नावे येणे जवळजवळ थांबले. जुनी नावे एकेक करून निवृत्त होत होती, आणि नावापुढे काकांच्या अक्षरात 'सिन्नर', 'पुणे', 'गावी गेले' अशी नोंद. प्रेसमध्ये नवी यंत्रे आली, भरती आटली, पत्रे आणि मनीऑर्डरी कमी झाल्या तशी टपालाच्या छपाईची गरजही घटली. पत्रांच्या जागी ई-मेल आणणारे आपण. म्हणजे मी हात धुऊन मोकळी झाले असे नाही, फक्त दोष वेगळ्या खात्यावर पडला.

दोन वह्या मात्र याला अपवाद आहेत. एक २०१६ ची. ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि आपल्या प्रेसमध्ये सुट्ट्या सोडून नव्या पाचशेच्या नोटा छापल्या जात होत्या. तिथून हाकेच्या अंतरावर काकांच्या गल्ल्यात सुटे पैसे नव्हते. मॉलमध्ये कार्ड चालत होते. काकांकडे वही चालली: बंद पडलेली खाती महिनाभर पुन्हा उघडली. दुसरी वही २०२० ची. मार्चमध्ये मॉल बंद झाले ते ५ ऑगस्टपर्यंत, हॉटेलात बसून खाणे तर ५ ऑक्टोबरपर्यंत बंद. मित्र स्कूटरवरून नेहरूनगर, उपनगर, जेल रोडला पोती पोचवत होता आणि काका घरून फोनवर याद्या लिहून घेत होते. "त्या वर्षी धंदा चांगला झाला म्हणायलाही लाज वाटते," मित्र म्हणाला. खालच्या पिझ्झावाल्यांनी तेवढे महिने भाडे थकवले नाही, हेही त्याने आवर्जून सांगितले. काकांचे औषधपाणी आज त्या भाड्यावर चालते.

बिग बझार हे नाव २०२२ मध्ये पुसले गेले. इतका गाजावाजा करून आलेली साखळी एकवीस वर्षांत संपली. काकांचे उरलेले अर्धे दुकान अजून उघडे आहे.

निघायच्या आधी मी १९९६ ची वही मागितली. जूनच्या पानावर बाबांचे नाव, तेल, तूरडाळ, चहा हे नेहमीचे, आणि खाली वेगळ्या शाईत: साखर दोन किलो जास्त, काजू पाव किलो, वेलची. तारीख आपल्या निकालाच्या दुसऱ्या दिवसाची. त्या वर्षी आईने काजूकतली केली होती. तिचे पैसे तेव्हा नव्हते हे मला त्या दुपारी समजले. बाकी दोन महिन्यांनी चुकती झालेली दिसते.

मी पानाचा फोटो काढत होते तेव्हा काकांनी विचारले, "तू ज्यांचं काम करायचीस, ते गिऱ्हाईकाचं नाव लिहून ठेवतात का गं?"

"नाव नाही काका, मोबाइल नंबर लिहितात."

"आणि नंबर बदलला की?"

मी सांगायला लागले, पण तेवढ्यात दुकानात कुणीतरी पाव किलो साबुदाणा मागायला आले आणि ते तराजूकडे वळले.