ऑगस्ट १९१७ : कुशिंगच्या टेबलापाशी

पावसाने पश्चिम बेल्जियमची शेतं चिखलात बुडवली आहेत. प्रोव्हन गावाजवळ ब्रिटिश फौजेची ४६ क्रमांकाची जखमी-छावणी आहे आणि तिच्या तंबूंमधल्या वाटेवर तुम्ही उभे आहात. ३१ जुलैला पहिल्या महायुद्धातली ईप्रची तिसरी लढाई पेटली, तेव्हापासून अ‍ॅम्ब्युलन्सची रीघ तुटलेली नाही. तोफा इतक्या सलग वाजतायत की थोड्या वेळाने त्यांचा आवाज कानांना जाणवेनासा होतो.

स्ट्रेचरवरची पोरं बघा. बहुतेकांनी विशी जेमतेम गाठलेली. फुटलेल्या तोफगोळ्याची कपची कवटी भेदून आत शिरते आणि शिरताना हाडाच्या ठिकऱ्या, केस, माती असं सगळं मेंदूत ढकलते. त्या क्षणी वाचलेला जवान पुढे काही दिवसांत जातो, कारण मेंदूत पू धरतो. पेनिसिलिन सापडायला अजून ११ वर्षं आहेत.

आत चला. टेबलापाशी वाकलेला अमेरिकन सर्जन म्हणजे बॉस्टनहून आलेला हार्वी कुशिंग, वय ४८. समोरच्या जवानाचं अख्खं डोकं भादरलेलं आहे, कारण नुसत्या जखमेभोवतीचे केस काढून भागत नाही हे कुशिंगचं ठाम मत. एक्स-रे आधीच काढलाय. जवान जागा आहे. डोक्याच्या कातडीत नोव्होकेनची सुई दिली आहे, त्यामुळे दुखत नाही, पण कवटीवर चालणारं हत्यार त्याला ऐकू येतं.

आता हातांकडे लक्ष द्या. फुटलेलं हाड चिमट्याने कुरतडत काढायची सर्रास चाल आहे. कुशिंग भोवतीने भोकं पाडतो आणि तेवढा भाग अखंड उचलतो. मेंदूतल्या जखमेत बोट घालून चाचपणं त्याला मंजूर नाही, कारण बोटाने धडधाकट मेंदूही चिरडतो. तो एक मऊ रबरी नळी हलकेच आत सरकवतो. नळीच्या मागे रबरी फुगा. फुगा दाबून सोडला की चेंदामेंदा झालेला मेंदू नळीत ओढला जातो. टोकाला हाडाची ठिकरी अडली की बोटांना ती जाणवते आणि मग बारीक चिमट्याने ती काढता येते. शेवटी कातडी पूर्ण शिवून जखम बंद करायची, उघडी ठेवायची नाही.

या सगळ्याला दोन-दोन तास लागतात. बाहेर स्ट्रेचरची रांग वाढते आहे. तुमच्या मनात येईल, हा माणूस जरा भरभर का करत नाही?

पुढच्या जखमीच्या मेंदूत पोलादाची कपची खोल रुतली आहे. एक जडशीळ विद्युतचुंबक आहे, पण त्याचं टोक तिथवर पोचत नाही. कुणीतरी एक लांब खिळा आणतं, त्याचं टोक गोल करून घेतलेलं. कुशिंग तो जखमेच्या वाटेने अलगद आत सोडतो, वरून चुंबक टेकवतात, वीज सुरू होते आणि खिळा हळूहळू वर येतो. रिकामा. पुन्हा. पुन्हा रिकामा. आणि मग एका खेपेला खिळ्याच्या टोकाला चिकटलेली, खडबडीत, इवलीशी कपची.

तुमच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नोंदींत आहे. प्रत्येक जखमी, प्रत्येक मृत्यू तो लिहून ठेवतो. मेंदूचं आवरण फाटलेल्या जखमींपैकी पहिल्या महिन्यात शंभरात ५४.५ दगावले, दुसऱ्या महिन्यात ४०.९, तिसऱ्यात २८.८. लढाई तीच होती. सुधारली ती पद्धत आणि बसला तो हात. रांग बाहेर ताटकळत असतानाही सावकाश काम करण्याचा त्याचा हक्क मला या आकड्यांमुळे पटतो.

आता शंभर वर्षं पुढे या. कुठल्याही मोठ्या शहरातलं ट्रॉमा सेंटर, मध्यरात्र, मोटरसायकलवरून पडलेला तरुण. सी.टी. स्कॅन काही मिनिटांत होतो. मेंदूला सूज आहे, कवटीतला दाब औषधांना दाद देत नाही. सर्जन कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा काढतात आणि मेंदूला फुगायला जागा करून देतात. तो तुकडा फ्रीझरमध्ये किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात, सूज ओसरल्यावर परत बसवण्यासाठी.

हिशेब इथेही ठेवला गेला. केंब्रिजच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या ४०८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत नुसत्या औषधोपचारावरचे शंभरातले सुमारे ४९ दगावले, कवटी उघडलेले २७. पण जिवंत असूनही तोवर भान न आलेले औषधोपचाराच्या गटात शंभरात दोन होते, शस्त्रक्रियेच्या गटात आठ-नऊ. कुशिंगने मेलेले मोजले. या डॉक्टरांनी वाचलेले कसे जगतायत तेही मोजलं. मला ही प्रगती स्कॅनच्या यंत्राइतकीच मोठी वाटते.

आता संमतीपत्र तुमच्या हातात आहे, कारण तो तरुण तुमचा भाऊ आहे. ‘वाचेल ना?’ हे तुम्ही विचारालच. त्याच दमात ‘वाचला तर कसा जगेल?’ हेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावणार नाही. तो खुर्ची ओढून बसेल आणि दोन्ही आकडे तुमच्यासमोर ठेवेल.