साखरेविना केक : एका जुन्या चवीचा मागोवा

कराराचा कोश यरुशलेमात आणल्यावर दावीद राजाने जमलेल्या सर्व लोकांना, पुरुषांना तशीच स्त्रियांना, भाकरीबरोबर मनुकांची एकेक ढेप वाटली, अशी नोंद शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आढळते. सणाचा गोड घास सर्वांना मिळावा, ही भावना इतकी प्राचीन आहे. आज मात्र नाताळच्या दिवशी केकची ताटली फिरू लागली, की मधुमेह असलेल्या आजीपुढून ती हळूच पुढे सरकवली जाते. नाहीतर ‘सणाच्या दिवशी काही होत नाही’ असे म्हणत तिच्या हातात आग्रहाने मोठा तुकडा ठेवला जातो. पहिल्या रीतीत उपेक्षा आहे, दुसरीत अपाय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा प्रश्न एखाददुसऱ्या घरापुरता राहिलेला नाही.

साखर न घालता केलेला फळांचा केक म्हणजे आधुनिक आहारशास्त्राने काढलेली पळवाट होय, असा आपला समज असतो. इतिहास निराळेच सांगतो. मुळात या पदार्थात साखर नव्हतीच. ती पाहुणी म्हणून आली आणि पुढे घरधनी होऊन बसली.

प्राचीन रोमन लोकांत ‘सातुरा’ नावाचे एक मिश्रण प्रचलित होते. मनुका, जवाचे पीठ आणि चिलगोजासारख्या पाइन वृक्षाच्या बिया मध घातलेल्या द्राक्षरसात कालवून ते करीत. काही जण त्यात डाळिंबाचे दाणेही घालत. अनेक जिन्नसांची ही सरमिसळ इतकी परिचित होती, की उपहासात्मक काव्याला मिळालेले लॅटिन नाव याच पदार्थावरून आले, असे जुने व्याकरणकार नमूद करतात. फळांच्या केकचा हा दूरचा पूर्वज. त्याची गोडी सुक्या फळांची आणि मधाची होती.

साखर ही मूळची आपल्या भूमीची. संस्कृत ‘शर्करा’ शब्द फारसी-अरबीतून प्रवास करीत युरोपीय भाषांत रुजला. मध्ययुगीन युरोपात मात्र साखर किराणा दुकानात नव्हे, तर औषधविक्रेत्याकडे मिळे. ती दुर्मीळ आणि महाग होती. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे असा प्रश्न होता, की गोड औषधी पाक घेतल्याने उपवास मोडतो काय? ते पाक अन्न म्हणून नव्हे, तर पचनासाठी घेतले जातात. सबब उपवास मोडत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. ज्या वस्तूची गणना तेव्हा औषधात होत होती, तीच पुढे लक्षावधींना पथ्य म्हणून टाळावी लागली, हा काळाचा महिमाच म्हणायचा.

त्या काळी सणाच्या पावाचे घटकही परिस्थितीप्रमाणे बदलत. जर्मनीतील ड्रेस्डेन नगराची ‘श्टोलन’ ही नाताळची पावरोटी आज मनुका व लोण्याने समृद्ध असते. परंतु आगमनकाळातील उपवासात लोणी वर्ज्य असल्यामुळे ती एके काळी तेलात करीत. तेथील राज्यकर्त्यांनी विनंती केल्यानंतर १४९१ साली पोप आठवे इनोसेंट यांनी लोणी वापरण्याची परवानगी दिली. पदार्थाची ओळख टिकवून त्यातील एखादा घटक बदलता येतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

साखर स्वस्त कशी झाली, हा इतिहास वेदनेचा आहे. कोलंबसाने १४९३ साली दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढील साडेतीन शतकांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर आणि रक्तावर तेथील उसाचे मळे उभे राहिले. इंग्लंडमध्ये १७०० च्या सुमारास माणशी वर्षाला सुमारे ४ पौंड साखर खपे. १८०० च्या सुमारास हे प्रमाण १८ पौंडांपर्यंत गेले. विल्यम फॉक्स यांनी १७९१ साली पत्रक काढून गुलामांनी पिकवलेली साखर खाऊ नका, असे आवाहन केले, तेव्हा हजारो इंग्रज कुटुंबांनी ती आपल्या घरातून हद्दपार केली. पुढे १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. साखर स्वतःहून सोडण्याचा तो प्रयोग आरोग्यासाठी नव्हता, शेजाऱ्यासाठी होता.

याच स्वस्त साखरेने इंग्रजी केकचे आजचे रूप घडवले. लोणी आणि साखर एकत्र फेसली, की मिश्रणात हवा कोंडली जाते आणि केक हलका होतो; साखर ओलावा धरून ठेवते, वरचा भाग खरपूस तांबूस करते आणि केक महिनोन्‌महिने टिकवते. म्हणजे ती केवळ गोडीसाठी नाही, तर बांधणीसाठीही लागू लागली. हा केक आपल्या देशात रुजल्याची प्रसिद्ध कथा केरळमधील तलश्शेरीची आहे. मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला केक दाखवला आणि मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली स्थानिक जिन्नस वापरून तसाच केक करून दिला, असे सांगतात.

केक असा गोड होत असताना वैद्यक दुसऱ्या टोकाकडून साखरेकडे येत होते. मधुमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होते. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी १६७४ साली त्या गोडीची नोंद केली आणि मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली ती साखरच असल्याचे दाखवले. पॅरिसच्या १८७०-७१ मधील वेढ्यात अन्नटंचाई झाली, तेव्हा आपल्या रुग्णांच्या मूत्रातील साखर घटल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्यांनी पाहिले. इन्सुलिन येईपर्यंत कठोर पथ्य हाच आधार होता. टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि रुग्णाला पुन्हा माणसांच्या पंगतीत बसता येऊ लागले.

दरम्यान १८७९ साली सॅकरिनचा शोध लागला होता. त्याने गोडी दिली, पण केकची बांधणी त्याला पेलणारी नव्हती. खरी शिकवण मिळाली ती टंचाईतून. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून सप्टेंबर १९५३ पर्यंत साखरेचे रेशन होते. तेव्हा गृहिणींनी किसलेले गाजर आणि हाती लागतील ती सुकी फळे घालून सणाचा केक साधला. ते विस्मृतीत गेलेल्या चवीचे पुनरागमनच होते.

येथे एक इशारा द्यावयास हवा. ‘वरून साखर नाही’ याचा अर्थ ‘साखरच नाही’ असा होत नाही. मनुका आणि खजूर यांच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग साखरेचाच असतो. मध आणि गूळ हेही शेवटी साखरेचेच प्रकार होत. सुक्या फळांतील तंतूंमुळे रक्तात साखर काहीशा संथ गतीने उतरते. कोणत्या अन्नाने ती किती वेगाने वाढते, हे मोजण्याची पद्धत डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली, तीही टोरांटोतच. तरीही प्रमाणाचे भान सुटता कामा नये.

ज्यांना घरी करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी प्रमाण देतो. बिया काढलेला १५० ग्रॅम खजूर अर्धा तास १५० मिलिलिटर गरम कोऱ्या चहात भिजवून कुस्करावा. त्यात १०० ग्रॅम लोणी व ३ अंडी घालून चांगले फेसावे. मग २०० ग्रॅम गव्हाचे पीठ, २ चमचे बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ व संत्र्याच्या सालीचा कीस, १०० ग्रॅम मनुका, एक किसलेले सफरचंद आणि ५० ग्रॅम अक्रोड मिसळून १६० अंश सेल्सिअसवर सुमारे एक तास भाजावा. सळई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली, की केक झाला. साखर नसल्याने तो फार टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा. त्याचे १६ तुकडे केल्यास प्रत्येकात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके येतात, म्हणजे एका मध्यम चपातीइतकी. २०० ग्रॅम साखर घातली असती, तर प्रत्येक तुकड्यात आणखी १२ ग्रॅमची भर पडली असती. म्हणून एक तुकडा घ्यावा, जेवणातील एक चपाती कमी करावी. आणि औषध वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

मात्र असा केक केला, तर तो आजारी माणसासाठी वेगळ्या बशीत झाकून ठेवू नये. घरातील सर्वांनीच तो खावा. नेवऱ्या आणि कुलकुलांच्या ताटात त्याला जागा मिळाली, की आजीला आपल्यासाठी कुणी वेगळी सोय केली आहे, असे वाटणार नाही. दावीदाने त्या दिवशी मनुकांच्या ढेपा वाटल्या, तेव्हा कुणाची ढेप निराळी नव्हती.