सहभागी सुरक्षा-आरोग्य कार्यक्रम : संस्थेची पूर्वतयारी

कामगारांना सोबत घेऊन कामाची जागा सुरक्षित आणि आरोग्यदायी करण्याचा कार्यक्रम हाती घेण्याआधी, तो पेलण्याची संस्थेची कुवत तपासण्याची पद्धत. यंत्राला जाळी आहे का, हेल्मेट पुरतात का, हे प्रश्न नेहमीच्या सुरक्षा-तपासणीचे. इथे वेगळेच पाहिले जाते : फोरमनच्या तोंडावर कामगार अडचण सांगतो का, बैठकीसाठी त्याला पाळीतून सोडतात का, आणि त्याची सूचना खर्च मंजूर करणाऱ्या टेबलापर्यंत पोचते का.

अमेरिकी अभ्यासक ब्रायन वायनर यांनी २००९ मध्ये मांडले, की बदलाची तयारी दोन गोष्टींवर ठरते : सर्वांची मिळून इच्छा आणि ‘आपल्याला हे जमेल’ हा सर्वांचा विश्वास. यातली इच्छा वरिष्ठांच्या भाषणात सहज सापडते. विश्वास मात्र आधीच्या सूचनांचे काय झाले, यावर बसतो किंवा उडतो.

या विषयातले सर्वांत नेटके काम अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात झाले. मॅसॅच्युसेट्स-लोवेल आणि कनेक्टिकट या विद्यापीठांच्या ‘सीपीएच-न्यू’ या संयुक्त केंद्राने तुरुंगांतील पहारेकरी, शुश्रूषागृहांतील कर्मचारी अशांबरोबर सहभागी कार्यक्रम राबवले. त्यांच्या पद्धतीत दोन गट असतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा गट दुखण्याचे मूळ शोधतो आणि उपायांचे पर्याय मांडतो. अधिकार असलेल्यांची सुकाणू समिती त्यांतून निवड करून पैसा आणि माणसे पुरवते. यातला एक जरी गट लंगडा असला तरी गाडे अडते. म्हणून केंद्राने पूर्वतयारीची प्रश्नावली बनवली. तिच्यात सध्याचे उपक्रम, उपलब्ध साधने, बदलाची आणि गटाने काम करण्याची सवय, कर्मचाऱ्यांच्या सहभागाला वाव, व्यवस्थापनाचा संवाद अशा आठ अंगांची चाचपणी होते. एकाच संस्थेतील अनेकांनी ती भरायची असते. सरासरी गुणांपेक्षा उत्तरांमधली तफावत जास्त बोलकी ठरते : संचालक ‘संवाद उत्तम’ म्हणत असताना खालचा सुपरवायझर गप्प असेल, तर कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. गुण कमी पडले म्हणून कार्यक्रम गुंडाळायचा नसतो. आधी कोणती उणीव भरायची, एवढेच त्यातून कळते.

भारतात सहभागाला कायद्याची वाट मिळाली ती भोपाळनंतर. १९८४ च्या वायुगळतीनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. कलम ४१-जी प्रमाणे धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आवश्यक ठरली. कलम ४१-एच मुळे जीवावरचा धोका दिसल्यास तो थेट किंवा समितीतील प्रतिनिधींमार्फत व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशा समितीची तरतूद आहे.

पण समिती असणे म्हणजे तयारी असणे नव्हे. इतिवृत्त वेळेवर लिहिले जाते, सह्या होतात, आणि सर्वांत जोखमीचे काम करणारा कंत्राटी कामगार त्या खोलीत नसतो. तो बोलला, तर उद्या गेटवर त्याचा पास चालेल का? ज्या संस्थेत या प्रश्नाचे उत्तर ठाम ‘हो’ असे मिळत नाही, तिथे सहभागी कार्यक्रमाची पहिली पायरी नवी समिती नेमणे ही नसून तक्रार करणाऱ्याच्या नोकरीला लेखी संरक्षण देणे ही आहे.