महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी

महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी म्हणजे एकदाच वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंचे उत्पादन, विक्री, साठवणूक, वाहतूक आणि वापर यांवर राज्य शासनाने घातलेले निर्बंध होत. यासंबंधीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली. १ जुलै २०२२ पासून अशा ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे. या धोरणाचे यश दंडाइतकेच स्वस्त व सहज मिळणाऱ्या पर्यायांवर अवलंबून असते. कापूस व वने असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात अशा पर्यायांचा कच्चा माल स्थानिक पातळीवरच उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

पातळ पिशव्यांनी गटारे तुंबून पूर वाढतो, या कारणास्तव बांगलादेशाने २००२ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आलेल्या महापुरानंतर महाराष्ट्रातही हा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करण्यात आली. मात्र पिशवीची जाडी दुकानात ओळखणे कठीण असल्याने हा नियम राबविणे अवघड गेले.

तरतुदी

२०१८ ची अधिसूचना महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ अन्वये काढण्यात आली. तिच्यात पिशव्या, ताटे, वाट्या, पेले, चमचे, स्ट्रॉ व थर्माकोलची सजावट यांचा समावेश होता. औषधांचे वेष्टन, ५० मायक्रॉनपेक्षा जाड दुधाच्या पिशव्या यांसारख्या काही बाबींना सूट मिळाली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, तर तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कारावास अशी शिक्षा ठरविण्यात आली. साठा संपविण्यासाठी दिलेली तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जून २०१८ पासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली. केंद्राच्या नियमांनुसार पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, तर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली.

यवतमाळ जिल्ह्यातील पर्याय

'''सुती कापड :''' यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा आहे. जुन्या साड्या, चादरी व धोतरे यांपासून घरी शिवलेली पिशवी अनेक वर्षे टिकते. कापसाच्या शेतीतही प्लास्टिक नुकसानकारक ठरते. कापूस खताच्या प्लास्टिक पोत्यांत भरल्यास पोत्याचे धागे रुईत मिसळतात. ते रंग धरत नसल्याने कापडावर डाग दिसतात आणि रुईची प्रत घसरते. म्हणून वेचणी व साठवणुकीसाठी सुती कापड वापरण्याचा सल्ला दिला जातो.

'''पत्रावळी व द्रोण :''' जिल्ह्यातील शुष्क पानझडी वनांत पळस विपुल आढळतो. त्याच्या पानाला तीन मोठ्या पर्णिका असतात; ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्यावरूनच आली. या पर्णिका बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी व द्रोण करतात. वापरानंतर त्या उकिरड्यावर कुजून खत होतात. लग्नकार्यातील पंगतींमध्ये त्यांची जागा पुढे थर्माकोलच्या ताटांनी घेतली.

'''बांबूकाम :''' कोलाम समाजात बांबूच्या टोपल्या व सुपे विणण्याची परंपरा आहे. बाजारात भाजी व धान्य नेण्या-आणण्यासाठी या टोपल्या उपयोगी पडतात.

दैनंदिन वापरातील घट

बाहेर पडताना कापडी पिशवी जवळ बाळगणे, दही, तेल व मांस यांसाठी घरचा डबा नेणे, प्रवासात पाण्याची बाटली सोबत ठेवणे आणि समारंभात स्टीलचे पेले वापरणे हे सोपे उपाय होत. लग्नकार्यासाठी गावात सामाईक भांडी ठेवण्याची जुनी पद्धत अनेक खेड्यांत होती. तिच्यामुळे फेकाऊ ताटांची गरज पडत नसे.

मर्यादा

कापडासारख्या दिसणाऱ्या अनेक न विणलेल्या पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात. चहाच्या कागदी पेल्यांनाही आतून बहुधा प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे या वस्तू प्लास्टिकला खरा पर्याय ठरत नाहीत. वेफर्स, शाम्पू इत्यादींच्या बहुस्तरीय पुड्या बंदीच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्या कचऱ्याची जबाबदारी फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकांवर टाकली आहे. जेथे कचरा वेगळा गोळा होत नाही, तेथे तो उघड्यावर जाळला जातो व विषारी वायू बाहेर पडतात. उकिरड्यावर चरणारी गुरे अन्नासह पिशव्याही गिळतात. त्या पोटात साचून राहिल्याने जनावराचे खाणे मंदावते आणि प्रसंगी ते दगावते. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाला हा थेट आर्थिक फटका असतो.